न वाळवलेली माती

३ मार्च, सोमवार

लिहायला बसण्याआधी क्षमा मागणे योग्य होईल असे वाटते. कोणाची मागावी, ते मात्र ठरवता आलेले नाही. ही वही मी कोणालाही दाखवणार नाही. तरीसुद्धा जिने आजवर निबंध केवळ गुणांसाठी लिहिले, आणि घरी पाहुणे आले की पाण्याचे पेले ठेवून जी आतल्या खोलीत नाहीशी होते, तिने स्वतःविषयी पाने भरावीत हा आगाऊपणाच आहे. तो मी करते आहे, कारण आज मला भीती वाटली आणि ती सांगण्याजोगे जवळ कोणी नव्हते.

कारण खरे तर आनंदाचे आहे. माती तपासणाऱ्या या प्रयोगशाळेत लागून मला थोडेच महिने झाले, आणि आज सरांनी वर्गीकरणाच्या अहवालांवर सही करण्याचे काम माझ्याकडे सोपवले. यापूर्वी ते बाईंकडे असे. बाई येथे सर्वांत जुन्या. गेल्या आठवड्यात त्यांनी अचानक नोकरी सोडली; प्रकृतीमुळे, असे सर म्हणाले. त्यांचे चष्मा पुसायचे फडके आणि डबा अजून टेबलावरच आहे, त्यावरून त्रास फारच एकाएकी झाला असावा.

"तुमच्यासारखी पुस्तकाला धरून चालणारी माणसं हल्ली मिळत नाहीत," सर म्हणाले. "पद्धत म्हणजे पद्धत. तुम्ही ती मोडणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं."

मी मान हलवली. आभार मानायचे राहिले.

प्रयोगशाळा म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून रबराचा वास येतो, आत ओल्या मातीचा. आम्ही तिघेच: सर, मी, आणि जागेवर जाऊन माती आणणारा एक सहकारी, ज्याला सगळे कंपास म्हणतात, कारण तो उभा राहतो तेव्हा पाय नेहमी फाकलेले असतात. त्याने माझे नाव 'पाठ्यपुस्तक' ठेवले आहे. समोर मात्र तो मॅडम म्हणतो.

६ मार्च, गुरुवार

रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांसाठी टेकडीच्या उतारावर घरे होणार आहेत. वरचा भाग कापायचा, तीच माती खाली ओतायची, रोलरने दाबून सपाटी करायची, आणि त्या भरावावर घरांची मागची रांग उभी करायची, असा बेत आहे. त्या टेकडीची माती आज पोत्यांतून आली. तांबूस तपकिरी, हाताला थंड आणि वजनाला जड.

माझे काम तिला नाव देण्याचे. मातीचे नाव कळले की ती कशी वागेल हे इंजिनिअरला कळते. निदान तसे मानतात. त्यासाठी माती ओव्हनमध्ये एकशे पाच अंशांवर रात्रभर वाळवायची, खलात रबरी बत्त्याने मोकळी करायची, बारीक चाळणीतून गाळायची, मग पाणी घालून तिचा लगदा करायचा. तो पितळी वाटीत पसरून मधोमध खाच पाडतात आणि हँडल फिरवून वाटी आपटत राहतात. खाच मिटायला किती ठोके लागले यावरून माती किती पाण्यावर वाहू लागेल ते ठरते. त्या पाण्याच्या प्रमाणाला द्रवसीमा म्हणतात. ती जितकी मोठी, तितकी माती पाणी धरून बसणारी आणि बेभरवशाची.

मला ही वाटी आवडते. तिच्याशी बोलावे लागत नाही.

८ मार्च, शनिवार

द्रवसीमा चव्वेचाळीस आली; पन्नासच्या आत, म्हणजे भरवशाची. तीनदा केली, तीनदा तीच. 'कमी सुघट्यतेची गाळमाती, भरावासाठी योग्य' असे लिहिले आणि आयुष्यातली पहिली जबाबदारीची सही केली. सरांनी कागद उजेडात धरून पाहिला. "बरं दिसतं तुमचं नाव," ते म्हणाले.

कंपास खलात डोकावून म्हणाला, "मॅडम, पोत्यात भरताना ही माती साबणासारखी हाताला लागत होती. तुमच्याकडे येऊन वाळूसारखी कशी झाली?"

"ओव्हनमध्ये वाळली ना."

"हां. मग बरोबर," तो म्हणाला, आणि चहाचा दुसरा पेला माझ्या टेबलावर ठेवून गेला. त्याला चहा रोज जास्त होतो. एकच का मागवत नाही, कळत नाही.

२२ जून, रविवार

बरेच दिवस लिहिले नाही. काही घडलेच नव्हते.

आज ताई आली. ती रुग्णालयात नर्स आहे, आणि टेकडीवरच्या मागच्या रांगेतले शेवटचे घर तिला मिळाले आहे. भराव कधीच पुरा झाला. त्यावर तयार भिंती जोडून घरे उभी करीत आहेत, म्हणून काम झपाट्याने चालले आहे. लग्न झाल्यापासून ताई, भावोजी आणि आता सहा वर्षांची मुलगी पिल्लू असे तिघे सासरच्या घरात एका पडद्यामागे राहतात. ताई आनंदाने रडायची तेवढी राहिली होती.

"दार, अगं. लावून घेता येईल असं दार," ती म्हणाली. "मी आधी दिवसभर नुसतं उघडून लावून बघणार आहे."

भावोजी म्हणाले, "आमच्या मेहुणीबाईंनी पास केलेली जमीन आहे. आता भांडण झालं तर मी तिच्यावर ढकलणार. पाया कच्चा निघाला म्हणून."

सगळे हसले. मीही हसले. मला फार अभिमान वाटला, हे येथे लिहून ठेवते.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आज जे दिसले ते क्रमाने लिहून ठेवते.

त्याच टेकडीची माती पुन्हा आली, या वेळी रस्त्याच्या भरावासाठी. ओव्हनची कॉइल काल जळाली. ठेकेदाराचे सारखे फोन येत होते, म्हणून मी ठरवले की निदान कच्चा अंदाज घेऊन ठेवावा. माती न वाळवता, पोत्यातून काढली तशीच कालवली आणि वाटीत घेतली.

एक्क्याण्णव.

मला वाटले, माझेच चुकले. वाटी धुतली, पुसली, दुसऱ्या पोत्यातली माती घेतली. पुन्हा नव्वदीच्या घरात. त्याहून विचित्र म्हणजे, जितके जास्त कालवावे तितकी ती सैल होत जाते. वरून थेंबभर पाणी न घालता. जणू कणांच्या आत लपवलेले पाणी ती सोडते आहे. कालवायच्या सुरीखाली हलताना ती जिवंत वाटली आणि मी सुरी खाली ठेवली.

एकाच टेकडीची माती. एक चव्वेचाळीस, एक एक्क्याण्णव. दोघींना एकच नाव देता येत नाही.

बहुधा माझ्या हातात दोष आहे. उद्या सरांना सांगायला हवे. 

२७ ऑगस्ट, बुधवार

सांगितले. सर रागावतील असे वाटले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी उठून दार लावले, आकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हे कोणाला दाखवलंत?"

"कोणालाच नाही."

"कंपासला?"

"नाही सर."

"ओली माती कशाला घेतलीत? मानक पद्धतीत वाळवायची असते."

"ओव्हन बंद होता, म्हणून..."

"ओव्हन दुरुस्त होऊ दे. मग नीट करा. हे कच्चं काम ठेवू नका, गैरसमज होतात."

माझ्या चुकीचा बोभाटा होऊ नये याची त्यांनी घेतलेली काळजी पाहून मला भरून आले. तरी दार का लावले असेल, हे मनातून जात नाही. बाहेर तर कोणीच नव्हते.

३० ऑगस्ट, शनिवार

सरांनी मला वर्गीकरण विभागाची प्रमुख केले. विभागात मी एकटीच आहे, पण तरी. खिडकीजवळचे टेबल मिळाले. इतकेच नव्हे, ही नेमणूक मार्चपासून झाली असे धरू, म्हणजे ज्येष्ठता मोजताना उपयोग होईल, असे ते आपण होऊन म्हणाले. "मार्चपासूनचे सगळे अहवाल मग तुमच्याच अखत्यारीतले. माझं नाव मध्ये कशाला?"

इतके मोठे मन मी पाहिले नव्हते.

कंपासला सांगितले तर तो नुसता "हं" म्हणाला. मत्सर असेल. चहा मात्र ठेवून गेला.

४ सप्टेंबर, गुरुवार

ओव्हन सोमवारी सुरू झाला. गेल्या आठवड्यात आलेली तीच माती वाळवली. पंचेचाळीस आली. आनंद व्हायला हवा होता.

झाला नाही, कारण आधीच एक गोष्ट केली होती जी पुस्तकात नाही. ओव्हन सुरू होताच थोडी माती वेगळी वाळवून पाण्यात भिजत ठेवली होती. वाटले होते, पाणी परत दिले की ती पूर्वीसारखी होईल. झाली नाही. भिजून भिजूनही ती वाळूसारखीच राहिली. तिचा आकडा वाढायला तयार नाही.

आणि मग पुस्तकाच्या तळटिपेत बारीक अक्षरांत असलेले वाक्य आठवले. उष्ण, पावसाळी प्रदेशात खडक जागच्या जागी कुजून झालेल्या काही माती वाळवल्याने कायमच्या बदलतात. त्या मूळच्या ओलाव्यातच तपासाव्यात. परीक्षेसाठी मी त्याखाली रेघ मारली होती. चार गुणांचा प्रश्न होता, चारही मिळाले होते. आणि इथे येऊन तीच माती मी ओव्हनमध्ये घातली, कारण पद्धतीची पायरी क्रमांक एक तशी होती.

कणांच्या आतले पाणी उष्णतेने निघून गेले. मग कण एकमेकांना धरून बसले, त्यांचे गठ्ठे झाले, आणि मी त्या गठ्ठ्यांचे वर्गीकरण केले. टेकडीवर जी माती आहे तिला मी कधी तपासलेच नव्हते. दुसऱ्याच एका मातीला, जी माझ्याच ओव्हनमध्ये जन्मली, भरावासाठी योग्य म्हणून सही देऊन टाकली.

सही मी केली आहे. मार्चपासून.

ताईचे घर त्या भरावावर आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

कंपासबरोबर टेकडीवर गेले. न बोलावता कुठे जाण्याची माझी ही पहिलीच वेळ.

मागची रांग सुंदर दिसते. पांढऱ्या भिंती, निळी दारे. शेवटच्या घरापासून भरावाची कड हाकेच्या अंतरावर आहे. तिच्यापुढे जमीन खाली उतरते. पायाखाली मात्र दगडासारखी टणक. मी टाच आपटून पाहिली. मनातल्या मनात म्हटले, बघ, उगाच घाबरलीस.

ठेकेदाराचा इंजिनिअर मोठा बोलका. "आता बघताय ना कशी बसलीय जमीन. भराव टाकताना नुसता वैताग होता. रोलर जितका फिरवावा तितकी गादीसारखी हलायची. रोलरवाला म्हणायचा, साहेब, मी रस्ता करतोय की पाळणा हलवतोय. शेवटी तुमच्या सरांना फोन केला."

"सर काय म्हणाले?"

"म्हणाले, रोलर थांबवा, चार दिवस ऊन लागू द्या. लागू दिलं. झाली वीट. मग त्या विटेवर तपासणी घेतली, पास. हुशार माणूस."

सरांनी तेव्हाही वेळ काढून सल्ला दिला होता, हे ऐकून मला बरे वाटायला हवे होते.

कंपासने गाडीतून सळई आणली आणि हातोड्याने ठोकू लागला. पहिले वीतभर ती आत जाईना. ठोके विटेवर पडावेत तसे वाजत होते. मग एकाएकी आवाज बदलला. कंपासने हातोडा बाजूला ठेवला आणि नुसत्या तळव्याने सळई दाबली. ती गेली. मी दाबली, तरी गेली; माझ्या हाताने, ज्याला बरणीचे झाकण उघडत नाही. वर खेचली तर तिला लाल, चकचकीत चिखल लागला होता.

वरचा थर उन्हाने भाजला आहे. माझ्या ओव्हनने केले तेच उन्हाने केले, फक्त वरच्या वीतभर मातीचे. खाली ती जशी होती तशीच आहे, उलट रोलरने कालवून आणखी सैल झालेली.

कंपासने सळई हातात धरून शेवटच्या घराकडे पाहिले. मग म्हणाला, "मॅडम, तुमची ताई इथेच येणार ना?"

"रविवारी."

त्याने सळई पुसली नाही. तशीच चिखलासकट गाडीत ठेवली.

१० सप्टेंबर, बुधवार

सरांकडे गेले. वाक्ये पाठ करून गेले होते, तरी मधले विसरले.

त्यांनी शांतपणे ऐकले. "म्हणजे अहवाल चुकीचा आहे, असं तुमचं म्हणणं."

"हो सर."

"कोणाचा अहवाल?"

"माझा."

"सही?"

"माझीच."

"मानक पद्धतीनं केलात ना? मग चूक कशी? आणि पद्धत सोडून केलेल्या कामावर तुम्ही ओरडा केलात, तर लोक काय म्हणतील? मुलगी नवीन आहे, हाताला वळण नाही, असंच म्हणतील. मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय. वय काय तुमचं. एवढ्यात नाव खराब करून घेऊ नका."

मी विचारले, "सर, माती ओली तपासायला हवी हे तुम्हाला माहीत होतं का?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. "रविवारी किल्ल्या देतायत," ते म्हणाले. "एकदा किल्ल्या दिल्या की जबाबदारी रुग्णालयाकडे जाते. तोवर गप्प राहिलात तर तुमच्यावर काही यायचं नाही."

हे त्यांनी माझ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून दिले की दुसरेच काही म्हणून, याचा विचार करीत मी जिना उतरले. टायरच्या दुकानाशी पोहोचले तेव्हा कळले. त्यांना माहीत होते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

कंपासकडून बाईंचा नंबर घेतला. फोनवर बोलायला मला नेहमीच अवघड जाते. आज तर दोनदा लावून कापला. तिसऱ्या वेळी त्यांनीच परत केला.

"टेकडीवाली माती ना?" माझे नाव ऐकताच त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"जानेवारीत पहिली पोती आली होती. मी ओली केली. नव्वदच्या पुढे गेली. त्यांना सांगितलं, वाळवू नका. ते म्हणाले, वाळवून करा आणि सही करा. मी केली नाही."

"मग?"

"मग काय, सोडली नोकरी."

"पण बाई, तुम्ही कोणालाच सांगितलं नाहीत?"

पलीकडे कोणीतरी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. बाई म्हणाल्या, "मला वाटलं, सही नाही केली म्हणजे आपण सुटलो. अहवालच अडेल. ते दुसऱ्या कोणाकडून करून घेतील, हे डोक्यातच आलं नाही. आलं असेल कदाचित. मी तिकडे बघितलं नाही." मग विचारले, "तुम्ही किती वर्षांच्या आहात?"

सांगितले.

"माझी धाकटी तेवढीच आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला लागेल तर माझं नाव घाला. आता घाला. आधी घालायला पाहिजे होतं."

१४ सप्टेंबर, रविवार

ताईला किल्ली मिळाली. मी सकाळीच गेले. टेम्पोतून गाद्या उतरत होत्या आणि पिल्लू रिकाम्या खोल्यांतून स्वतःचा आवाज ऐकत पळत होती.

ताईला स्वयंपाकघरात नेऊन सांगितले. सळई, ओव्हन, सगळे. मला वाटते मी नीट सांगितले, पण तिला समजेल असे नाही.

"म्हणजे मार्चमध्ये तू खोटं लिहिलंस?"

"नाही. मार्चमध्ये चुकलं. आता बरोबर आहे."

"आणि परत दोन महिन्यांनी म्हणशील, आता चुकलं, मार्चमध्ये बरोबर होतं."

"ताई, जमीन वरून टणक दिसते, खाली..."

"मी इथे नाचले तरी काही होत नाही." तिने खरेच दोनदा उडी मारून दाखवली. "दगड आहे दगड. तुला काय माहीत गं, पडद्याच्या आड सात वर्षं काढणं म्हणजे काय. सासूबाईंनी कूस बदलली तरी मी जागी व्हायची. तुला पुस्तक मिळालं की खोली मिळाल्यासारखं असतं. मला नाही."

भावोजी दारात आले. "काय चाललंय? मेहुणीबाई, जमीन नापास केलीत की काय?"

"हो," मी म्हणाले.

ते हसण्याच्या तयारीत होते, ते तसेच राहिले. मग ताईकडे पाहून म्हणाले, "चार दिवस आईकडे राहू या का?"

"परत जायचं नाही मला," ताई म्हणाली. "तूच सांग, तिथे गेलो की परत येऊ देतील? हे घर दुसऱ्याला देऊन मोकळे होतील. माझ्यामागे नावं लागलीयत रांगेत."

मी चहा न घेता निघाले. तिने मला थांबवले नाही. आजवर असे कधी झाले नव्हते. बाहेर कडेपाशी जाऊन पाहिले. काही दिसले नाही. काही दिसत नाही, हेच मला सहन होत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळपासून पाऊस. येथे तो वर्षभर येतो आणि जातो, त्याचे कोणाला काही नसते. आज थांबला नाही. पत्र्यावर तो वाजू लागला की मला ती वाटी आपटल्यासारखी वाटते, आणि मी नकळत ठोके मोजू लागते. खाच केव्हा मिटेल, याची वाट पाहते.

पत्राचा मसुदा चारदा लिहिला. पहिल्यात इतक्या क्षमा मागितल्या होत्या की मुद्दा दुसऱ्या पानावर गेला. दुसऱ्यात 'शक्यता नाकारता येत नाही' असे होते. कंपासने वाचून विचारले, "म्हणजे नेमकं काय करायचं त्यांनी? छत्री घ्यायची?" तिसऱ्यात सरांचा उल्लेख टाळला होता. चौथा बरा होता, पण पाठवण्याच्या बटणापाशी बोट नेते आणि मागे घेते. हे पत्र गेले की ताई माझ्याशी बोलणार नाही. नोकरी जाईल. चूक माझ्या नावावर कायमची लागेल. आणि मी म्हणते ते खोटे ठरले, भराव वर्षानुवर्षे तसाच उभा राहिला, तर मी एका बाईचे दार हिसकावून घेतलेले असेल.

खोटे ठरावे, अशीच माझी इच्छा आहे. तरी पाठवायचे आहे. या दोन गोष्टी एकत्र कशा धरायच्या, ते मला जमत नाही.

सर आज दोनदा टेबलापाशी येऊन गेले. "सगळं ठीक ना?" असे त्यांनी विचारले. मी "हो सर" म्हणाले. अजूनही माझ्या तोंडून तेच निघते.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पाऊस चालू आहे.

कामावर पोहोचले आणि ताईचा फोन आला. आवाजात राग नव्हता. तिलाच परवाचे मिटवायचे होते. म्हणाली, "ही बघ काय म्हणते, बोल मावशीशी."

पिल्लू फोनवर आली. "मावशी, आमच्या घरात जादू आहे. चेंडू ठेवला की आपोआप पळतो."

"कुठे पळतो?"

"खिडकीकडे. दरवेळी खिडकीकडेच. मी दारात ठेवला, तरी गेला. कपाटाजवळ ठेवला, तरी गेला."

"कोणती खिडकी, पिल्लू? जिथून खालचं दिसतं ती?"

"हो. काल नव्हता पळत. काल मी ठेवला तिथेच बसला होता."

ताईने फोन परत घेतला. ती हसत होती. "नवीन फरशी, थोडा उतार राहिला असेल. सांगते मी त्यांना." मी म्हणाले, ताई, पिल्लूला उचल आणि बाहेर ये. आत्ता. चप्पल घालत बसू नकोस. ती म्हणाली, अगं काय हे. मी ओरडले. मी आयुष्यात ताईवर ओरडले नव्हते. सरांच्या खोलीचे दार उघडले, आणि मी त्यांच्याकडे पाहत ओरडत राहिले. मग फोनवर भावोजींचा आवाज आला, "कोणत्या दारानं निघू?" मी सांगितले, पुढच्या, कडेकडे पाऊल टाकू नका, शेजाऱ्यांची दारे वाजवत जा.

कंपास गाडी काढायला धावला आहे. तो हॉर्न देईल तेवढा वेळ माझ्याकडे आहे. चौथा मसुदा उघडून अर्धा पुसला. उरले ते येथे उतरवून ठेवते, कारण पुढे कोणी विचारले तर मला नेमके शब्द आठवायला हवेत:

'रुग्णालयाचा बांधकाम विभाग, ठेकेदार आणि नगर कार्यालय यांस. टेकडीच्या मातीचे मी मार्चमध्ये केलेले वर्गीकरण चुकीचे आहे. ते मी मागे घेत आहे. माती ओव्हनमध्ये वाळवून तपासली होती. वाळवल्याने ती बदलते. मूळ ओलाव्यात तिची द्रवसीमा दुपटीहून अधिक आहे. ती भरावासाठी अयोग्य आहे. जानेवारीत माझ्या आधीच्या वरिष्ठ बाईंना हेच आढळले होते आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखांना ते सांगितले गेले होते. भरावाचा केवळ वरचा थर टणक आहे. आज सकाळी मागच्या रांगेतील शेवटच्या घराची जमीन कडेच्या बाजूस कलू लागली आहे. मागची सर्व घरे ताबडतोब रिकामी करावीत. रात्र होण्याची वाट पाहू नये. त्या घरात माझी बहीण राहते. अहवालावर सही माझी आहे.'

सर समोर उभे आहेत. ते म्हणाले, "विचार करा."

पाठवले. मंगळवार, १६ सप्टेंबर, सकाळी नऊ वाजून बावन्न मिनिटे.